पहिल्या पानावर काय ठेवायचं

काळूराम हो म्हणाला, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

ऋतिक ओट्यावर बसून बराच वेळ समजावत होता. 'रानसोबती' संस्थेची वेबसाइट नवीन करायची आहे. कल्याणची एक मुलगी, मनाली नावाची, आपण होऊन ते काम करते आहे. तिने तीन नमुने केलेत. पण तिचं म्हणणं, आधी ते गावोगावच्या माणसांपुढे धरू, कोणाला काय कळतं आणि काय कळत नाही ते बघू, मग खरी साइट बांधू. ऋतिक धरून रानसोबतीची पोरं तर सगळी मुरबाडच्या कंपन्यांत पाळीवर. तिच्याबरोबर फिरायला मोकळा माणूस पाहिजे, आणि लोकांच्या ओळखीचा पाहिजे.

"तुमी सगळी नोकरी या गावांत काढली, काका. तुमाला बघून लोक बोलतील तरी. आमी गेलो तर छान आहे बोलतील नि चहा पाजून पाठवतील."

"जाईन," काळूराम म्हणाला.

आत काशी भाकरी थापत होती. थापायचा आवाज मधेच थांबला आणि परत सुरू झाला.

रानसोबती काढली होती त्यांच्या मुलाने, साईनाथने. कोणाच्या घरात साप निघाला की लोक त्याला फोन करायचे. तो बाइकवरून जायचा, साप बरणीत घालून सिद्धगडच्या रानात सोडून यायचा. मग हळूहळू आणखी पोरं जमली, शाळांतून बोलणं सुरू झालं, आणि साईनाथने एक वेबसाइटही केली. तिच्यावर सापांचे फोटो, चावला तर काय करायचं ते, आणि त्याचा नंबर. आदल्या वर्षीच्या मार्गशीर्षात एका लग्नाहून येताना सरळगावच्या पुढे रस्त्यात सांडलेल्या खडीवर बाइक घसरली आणि तो गेला. भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी हेच विचारी, साप चावला का? काळूराम सांगे, नाय, बाइक. समोरच्याला जरा चुकल्यासारखं व्हायचं.

त्याला वर्ष उलटून गेलं होतं. काळूराम वेळेवर उठायचा, वालाच्या शेतावर फेरी मारायचा, जेवायचा, झोप लागायची. एसटीतून निवृत्त झालेल्या इतर कंडक्टरांसारखाच दिसायचा. बसून बसून पाय बधिर होतो, आपलाच पाय आपल्याला लाकडासारखा लागतो, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. दुखतं का, असं कोणी विचारलं असतं तर तो नाय म्हणाला असता, आणि ते खरं होतं.

साइटची गोष्ट अशी, की तिचा पासवर्ड एकट्या साईनाथला ठाऊक होता. तो गेला, आणि साइट होती तशी उघडी राहिली. तिच्यातला एक शब्द कोणाला बदलता येत नव्हता. म्हणून ही नवी.

मनाली मुरबाडच्या स्टँडवर उभी होती. पंचविशीची, पाठीला सॅक, हातात मोठं पुठ्ठ्याचं पाकीट. काळूरामला तिने वाकून नमस्कार केला. साईनाथशी तिचं फोनवरच बोलणं व्हायचं. समोरासमोर भेट कधी झाली नव्हती. किन्हवलीच्या गाडीत बसल्यावर तिने पाकिटातले कागद काढून मांडीवर ठेवले.

"हे मॉकअप, काका. म्हणजे घर बांधायच्या आधी नकाशा काढतात ना, तसं. बटण दिसेल, पण दाबलं तर काही होणार नाही. अजून आत काही नाहीच."

काळूरामने कागद बघितले. पहिल्यावर पानभर फणा काढलेला नाग. दुसऱ्यावर तालुक्याचा नकाशा आणि त्यावर लाल ठिपके, जिथे जिथे साप पकडणारं माणूस आहे तिथे. तिसरा पांढरा, त्यावर रुंद पट्टे: 'सर्पदंश', 'साप आढळला', 'आमच्याविषयी'.

"तुम्हाला कुठला बरा वाटतो?"

"तिन्ही बरे हायेत," काळूराम म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघत बसला. कंडक्टर म्हणून एक तरुण बाई होती. तिने मशीनचा टिकटिक आवाज करत तिकीट दिलं, त्याने घेऊन खिशात ठेवलं.

किन्हवलीला बचत गटाच्या बायका समाजमंदिराच्या पडवीत जमल्या होत्या. काळूरामला बघून दोघी-तिघी हसल्या. कंडक्टर, आज तुमी तिकीट काढून आलात वाटतं. त्याने मान हलवली. मनालीने कागद भिंतीला टेकवून उभे केले आणि सांगितलं की मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका, जे कळत नाही ते सांगा. बायका आधी गप्प होत्या. मग सावळी नावाच्या एकीने नागाकडे बोट दाखवलं.

"ह्यो पयलाच कशाला? घरात एक निघालाय म्हणून फोन उघडावा तर फोनात दुसरा."

सगळ्या हसल्या आणि पडवी मोकळी झाली. मग कोणीही बोलू लागलं. नकाशा कळत नाय, ठिपका आमच्या गावावर हाय का शेजारच्या, ते कसं कळायचं. 'सर्पदंश' म्हणजे साप चावला ना, मग तसंच लिवा की. 'प्रथमोपचार' म्हणजे काय? आधी काय करायचं? मग तेच लिवा. अक्षर मोठं करा, चष्मा चुलीपाशी नसतो. आणि नेट कुठं लागतं घरात, त्याच्यासाठी विहिरीपर्यंत जायला लागतं, तवर काय पाय बांधून बसायचं?

"पाय बांधायचाच नाही," मनाली म्हणाली. "घट्ट बांधलं तर जास्त बिघडतं."

"मग ते पयलं लिवा."

मनाली भराभर लिहून घेत होती. चेहरा खुलला होता. काळूराम खांबाला टेकून बसला होता. त्याचं काम त्याला बघून लोकांनी बोलण्याचं होतं, आणि लोक बोलत होते.

एक म्हातारी मघापासून तिसरा कागद हातात घेऊन लांब धरून बघत होती. धोंडूबाई तिचं नाव. काळूरामला चेहरा ओळखीचा वाटला. शहापूरच्या बाजाराला जाताना टोपली मागच्या सीटखाली सरकवणारी.

"ह्यात साईनाथचा नंबर कुठंय?" ती म्हणाली.

मनालीने काळूरामकडे बघितलं. कागदावर नंबराच्या जागी नुसती शून्यं होती.

"आता कुठं असतो तो?" धोंडूबाई विचारत होती. "गेल्या पावसात सुनेला चावला, लावणीत, हाताला. मोबाइलात ती तुमची साइट उघडली पोराने, नंबर लावला. दोनदा लावला. ती बाई बोलते ना आतून, तीच बोलायला लागली. मग जीप बघेस्तोवर, शहापूरला नेस्तोवर उशीर झाला. आधी कुठल्या दवाखान्यात जायचं तेपण ठाव नाय. दुसऱ्या बाजूला गेलो, तिथून परत पाठवलं."

"मग?" सावळीने विचारलं.

"वाचली. बोट काढलं. करंगळीच्या शेजारचं. आता लावणी करते, पण मूठ वळत नाय." म्हातारीच्या आवाजात तक्रार नव्हती, गाडी उशिरा आली असं सांगावं तसं तिने सांगितलं. "तो असता तर फोनवरच बोलला असता, अमक्या ठिकाणी न्या. आमच्या शेजाऱ्याला तसंच बोलला होता. चांगला पोरगा. बघा तुमी त्याला विचारून, नंबर का बदलला."

पडवीतल्या काही जणींना ठाऊक होतं. त्या खाली बघू लागल्या. काळूरामला वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल. छातीत, नाहीतर डोळ्यांत. त्याने वाट पाहिली. एका बाईचं बोट गेलं, हे त्याने मनात पुन्हा म्हणून बघितलं. काही झालं नाही. समोर अंगणात एक कोंबडी मातीत अंग घासत होती, ती त्याला फार स्पष्ट दिसत होती.

"आजी, साईनाथ वारला," तो म्हणाला. "बाइकवरून पडून. मी बाप त्याचा."

धोंडूबाईने कागद मांडीवर ठेवला. बराच वेळ ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू तिथे साईनाथचं काही सापडतंय का ते शोधत होती.

"तुमचा व्हता का तो," ती हळू म्हणाली. "बोलला नाय कधी, कंडक्टरचा मुलगा म्हणून."

कोणीतरी पाणी आणलं. काळूराम प्यायला. धोंडूबाईने तो कागद परत उचलला, पदराने उगाच पुसला आणि मनालीच्या हातात दिला.

"मग हे लिवा ह्याच्यावर. तो नाय म्हणून लिवा. पयलंच. नायतर माणसं लावत बसतील."

मनालीने लिहिलं.

परतीच्या गाडीत तिने लिहून घेतलेलं सगळं पुन्हा वाचलं. सरळगाव आल्यावर म्हणाली, "काका, मला आधी विचारायला हवं होतं तुम्हाला. त्याच्याबद्दल काय लिहायचं ते. धीरच झाला नाही."

"तुझं काय त्यात."

"कुठे ठेवू ती ओळ?"

"ठेव कुठंतरी," काळूराम म्हणाला. ती खडी सांडलेली जागा मागे गेली. रस्ता आता नवा केला होता, काळा, गुळगुळीत.

पुढच्या आठवड्यात ते सिद्धगडाच्या पायथ्याला नारिवलीला गेले. तिथे देवराम होता. त्याचा पुतण्या साईनाथकडून साप धरायला शिकलेला. देवरामने कागद नीट बघितलेच नाहीत. त्याचं मत तयार होतं.

"फोटो टाका त्याचा. मोठा. पयल्या पानावर, हार घालून. सगळं उभं त्यानं केलं."

"किन्हवलीच्या आजींचं म्हणणं वेगळं होतं," मनाली सांगू लागली. "चावलेल्या माणसाला पहिल्या पानावर दवाखाना दिसला पाहिजे, नंबर दिसला पाहिजे..."

"नंबर खाली टाका. माणूस मोठा का नंबर मोठा?" देवरामचा आवाज चढला. "काळूराम, तुमी सांगा. तुमचा मुलगा हाय."

अंगणातली सगळी माणसं काळूरामकडे बघू लागली. देवरामच्या डोळ्यांत पाणी होतं. काळूरामला त्याचा हेवा वाटला नाही, पण तो त्या पाण्याकडे बघत राहिला, दुसऱ्याच्या शेतातल्या पाटाकडे बघावं तसा.

"फोटो नको," तो म्हणाला. "घरी लावलाय."

देवराम उठून आत गेला. जरा वेळाने बाहेर आला आणि त्याने सगळ्यांना जेवायला वाढायला सांगितलं. जेवताना त्याने मनालीला एवढंच म्हटलं, की आमच्या पाड्यावर कोणाला फोन करायचा ते तरी बरोबर लिवा, पुतण्याचं नाव लिवा.

घरी आल्यावर दुपारी काळूरामने कपाट उघडलं. पोलिसांनी दिलेली प्लास्टिकची पिशवी कपड्यांच्या मागे होती. ती त्याने आजवर उघडली नव्हती, उघडू नये असंही ठरवलं नव्हतं. आत साईनाथचा मोबाइल, पाकीट, किल्ली. मोबाइलची काच एका कोपऱ्यात फुटलेली. त्याने तो चार्जरला लावला. बराच वेळ काही नाही, मग उजळला. वरच्या कोपऱ्यात सिम नाही असं लिहून आलं. सिम आत होतं. ते बंद झालं होतं.

काशी दारात येऊन उभी राहिली.

"कशाला काढलात?"

"नंबर बघतोय चालू व्हतो का."

ती तिथून हलली नाही. काळूरामने आपला साधा फोन घेतला. साईनाथचा नंबर त्यात 'साई' म्हणून होता. तो का लावतोय हे त्याला सांगता आलं नसतं. धोंडूबाईने लावला, तिला आतली बाई बोलली, तशीच आपल्याशी बोलेल, आणि मग ते नक्की होईल, असं काहीसं.

रिंग वाजली.

"हॅलो," एक बाई म्हणाली. आतली नव्हे, खरी. मागे प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली. "हॅलो? सापाचा फोन का?"

काळूरामने फोन कानाला आणखी जवळ धरला.

"बोला ना. साप निघालाय का तुमच्याकडे?"

"नाय," काळूराम म्हणाला. "तुमी कोण?"

"मी जालन्याहून बोलते. हा नंबर माझाय. दिवाळीत नवीन घेतला, तेव्हापासून सारखे साप निघाल्याचे फोन येतात बघा. आधी मी रागावायचे, राँग नंबर म्हणून कट करायचे. मग एका बाईचं लेकरू रडत होतं मागे. तेव्हा मालकाला विचारलं, कुणाकुणाला विचारलं. आता मी सांगते, घाबरू नका, हात-पाय हलवू देऊ नका, सरकारी दवाखान्यात न्या. एवढंच येतं मला. बरोबर सांगते ना?"

"बरोबर," काळूराम म्हणाला.

"कोण तो साईनाथ? सगळे त्यालाच विचारतात. तुमच्या ओळखीचा आहे का?"

"मुलगा माझा."

"मग त्याला सांगा हो, नवीन नंबर सगळ्यांना दे म्हणावं. माझी हरकत नाही, पण मला तुमच्याकडचे दवाखाने कुठं माहीत आहेत? उगाच कोणाचं काही व्हायचं."

काशीला फोनमधला आवाज ऐकू येत होता. तिने दाराची चौकट धरली होती.

"सांगतो," काळूराम म्हणाला. मग जरा थांबून, "ताई, एक नंबर देतो. लिवून घेता? ऋतिक नाव त्याचं. कोणी फोन केला तर हा द्या. तो सांगल पुढं."

"थांबा, पेन आणते." ती गेली, आली, आकडे परत म्हणून दाखवले. "झालं. देईन मी. तुम्ही काळजी करू नका." आणि ठेवताना म्हणाली, "फार माणसं ओळखतात तुमच्या मुलाला."

काळूरामने फोन खाली ठेवला. काशी तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. गेल्या वर्षभरात ती बरेचदा रडली होती, पण एकटी, मोरीत किंवा शेतावर. काळूराम तिच्याजवळ जाऊन बसला. तिचा हात घ्यावा असं त्याच्या मनात आलं, म्हणून घेतला. हात गरम होता, पिठाचा होता. त्याला एवढंच कळलं.

"तिला का नाय सांगितलं?" काशीने विचारलं.

"ती कुकर लावत व्हती."

संध्याकाळी त्याने मनालीला फोन केला. नंबर जालन्याला गेलाय, म्हणाला. नारिवलीला आणि किन्हवलीला नवा नंबर भिंतीवर लिहायला लागेल, ते मी करतो, सुट्टे दिवस खूप आहेत. आणि ती ओळ लिही.

"काय लिहू, काका? निधन झालं, असं?"

"वारला लिव. लोक निधन वाचतात नि पुढं जातात, देवळाच्या पाटीसारखं." तो थांबला. सांगायचं वाक्य त्याला आधी मनात जुळवावं लागलं, गर्दीत मागच्या माणसाला ऐकू जाईल असं. "साईनाथ वारला. त्याच्या जुन्या नंबरवर फोन करू नका. तो नंबर आता जालन्याच्या एका ताईंकडे हाय, त्यांना त्रास देऊ नका. खालच्या नंबरवर करा. एवढंच."

पलीकडे मनालीने लिहून घेतलं. मग तिने वाक्य वाचून दाखवलं. त्याने बरोबर म्हटलं.

होळीच्या आसपास साइट सुरू झाली. नाग नव्हता, नकाशाही गेला. वर मोठ्या अक्षरात 'साप चावला?' आणि त्याखाली आधी काय करायचं, कुठल्या दवाखान्यात न्यायचं. मग गावागावाप्रमाणे नावं आणि नंबर. ते पान एकदा उघडलं की मोबाइलात राहतं, नेट नसलं तरी, असं मनालीने केलं होतं. साईनाथची ओळ नंबरांच्या लगेच वर होती. देवरामने ऋतिककडे पुन्हा एकदा फोटोचा विषय काढून बघितला, मग सोडून दिलं. किन्हवलीच्या समाजमंदिराच्या भिंतीवर काळूरामने गेरूने नवा नंबर लिहिला, तेव्हा धोंडूबाईची सून पाणी घेऊन आली. तांब्या तिने दोन्ही हातांनी धरला होता. काळूरामने तिच्या हाताकडे बघितलं आणि नंतर तिच्या तोंडाकडे. तुमी बसा सावलीत, ती म्हणाली, आणि नंबरावर गेरूचा दुसरा हात फिरवून होईपर्यंत तिने त्याच्यासाठी डबा धरून ठेवला.

त्या दिवशी घरी आल्यावर काशी म्हणाली, दाखवा मला. ऋतिकने काळूरामच्या नवीन फोनमध्ये साइट घालून दिली होती. काशीने फोन लांब धरला आणि हळूहळू, ओठ हलवत, वरपासून वाचायला सुरुवात केली. त्या ओळीपाशी ती थांबली. दोनदा वाचली.

"त्रास देऊ नका, हे चांगलं लिवलंत," ती म्हणाली.

"हां."

"ती बाई घेते का अजून फोन?"

"परवा एक पाठवला तिने ऋतिककडे. शेणवे गावाच्या अंगाला, मण्यार निघाली व्हती. पोरं जाऊन आली."

काशीने बोटाने पान वर सरकवलं. खाली विषारी सापांची चित्रं होती. ती एकेका चित्रापाशी थांबत गेली, नाव वाचून परत चित्र बघत. काळूराम पाय धुऊन आला आणि तिच्या शेजारी बसला. भूक लागली होती. वाल शिजल्याचा वास येत होता. तो तिचं वाचून व्हायची वाट बघत राहिला.